एक लाख किलोमीटर चाललेली गाडी घेतल्यावर: इंजिन ऑइलची निवड आणि पहिल्या काही महिन्यांची देखभाल

नऊ वर्षे वापरलेली आणि मीटरवर १,०८,००० किलोमीटर दाखवणारी एक छोटी पेट्रोल गाडी मी घेतली, तेव्हा ‘सर्व्हिस नुकतीच झाली आहे, वर्षभर काही बघायला नको’ असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि मी ते खरे मानले होते. सुमारे सातशे किलोमीटर झाल्यावर पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडच्या अलीकडे पेट्रोलसाठी थांबलो असता बॉनेट उघडून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढली, तर तिच्या टोकालाही ऑइल लागलेले नव्हते. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा तोपर्यंत एकदाही लागला नव्हता. तो दिवा ऑइलची पातळी दाखवतच नाही, तो ऑइलचा दाब दाखवतो, आणि दाब पडून दिवा लागेपर्यंत बेअरिंगांना इजा होऊन गेलेली असू शकते, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

जुनी गाडी पहिल्यांदाच घेणारे बहुतेक जण ‘कोणत्या कंपनीचे ऑइल चांगले?’ असे विचारतात. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. इंजिनात ऑइल पुरेसे आहे का, हा पहिला प्रश्न. ते शेवटचे कधी बदलले हे कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे का, हा दुसरा. आणि ते त्या इंजिनासाठी सांगितलेल्या ग्रेडचे आहे का, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर डब्यावर कोणत्या नामांकित कंपनीचे नाव आहे याने फारसा फरक पडत नाही.

ऑइल घेण्याआधी इंजिन पाहून घ्या

गाडी रात्रभर सपाट जागी उभी करून इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी ती सुरू करण्यापूर्वी पाहणी करावी. पुठ्ठ्यावर काळा किंवा तपकिरी डाग असेल तर ऑइल गळते आहे. हिरवा, लाल किंवा निळसर आणि चिकट डाग असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली डाग असेल तर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलचा संशय घ्यावा. जुन्या गाडीच्या टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या) कडेला किंचित ओलसरपणा असणे नेहमीचे आहे. मेकॅनिक त्याला ‘घाम’ म्हणतात आणि त्यासाठी घाबरण्याचे कारण नसते. थेंब पडू लागले, तर मात्र पॅकिंग बदलावे.

त्यानंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहावी. तिथे दुधाळ चहासारखा साका दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालवल्या जाणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसे तापत नाही, आत साठलेली वाफ उडून जात नाही, आणि त्यामुळेही झाकणाला असा थोडा साका धरतो. परंतु डिपस्टिकवरचे ऑइलही तसेच दुधाळ असेल किंवा कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) गेल्याचा संशय धरावा आणि पुढचा खर्च ठरवण्याआधी चांगल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पुराच्या पाण्यात होत्या. तशी एखादी गाडी स्वच्छ धुऊन विक्रीला आलेली असू शकते, म्हणून सीटखालचे रूळ, गालिच्याखालचा पत्रा आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा त्याचा शेवटचा भाग इथे सुकलेला गाळ आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

आता गाडी सुरू करावी आणि एकाला मागे सायलेन्सरपाशी उभे करावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे, आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळते आहे. थंडीच्या सकाळी पहिली दोन-चार मिनिटे दिसणारी पांढरी वाफ यात धरू नये. गाडी न्यूट्रलमध्ये चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. तिथून वाफ आणि हवा ठोके दिल्यासारखी जोरात बाहेर येत असेल, तर ‘इंजिन बॅक काँप्रेशन मारते’ असे गॅरेजमध्ये म्हणतात आणि त्याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनाला ऑइल बदलून बरे करता येत नाही.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत

‘५डब्ल्यू-३०’ या नावात दोन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते हे सांगतो आणि तो जितका लहान तितके ऑइल गार असताना पातळ राहते, ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते हे सांगतो. त्या तापमानाला ३० ग्रेडच्या ऑइलची श्यानता, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक), ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याचा उपयोग काय, असे विचारले जाते. १५डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशांपर्यंत पंपाला खेचता येते आणि निफाडची सर्वांत कडक थंडीही त्याच्या जवळपास जात नाही, हे खरे आहे. तरीही सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइल तळाच्या चेंबरमधून वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचायला काही क्षण लागतात आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच काळात होते. पातळ वाहणारे ऑइल तिथे लवकर पोहोचते. म्हणून मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू आणि १५डब्ल्यू असे दोन्ही पर्याय दिलेले असतील, तर मी ५डब्ल्यू घेतो.

दुसऱ्या आकड्याबद्दल तर आपल्याकडे एक पक्की समजूत आहे, की गाडी जुनी झाली, झीज वाढली, तेव्हा जाड ऑइल घालावे. आणि विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर घालावेच. उन्हाचा मुद्दा आधी घेऊ. बाहेर २५ अंश असोत की ४५, थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि कूलिंग व्यवस्था ठीक असेल तर चालत्या इंजिनातले ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असते. हवेतल्या उन्हाचा परिणाम आपल्याला वाटतो तितका तिथे पोहोचत नाही. राहिला झिजेचा मुद्दा. अलीकडच्या अनेक इंजिनांत व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा, टॅपेट आणि टायमिंग चेन (क्रँक आणि कॅमशाफ्ट यांचे फिरणे जुळवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर हे सगळे ऑइलच्या दाबावर चालते आणि त्यांच्याकडे जाणारे मार्ग अरुंद असतात. त्यांच्यासाठी ५डब्ल्यू-३० सांगितलेले असताना २०डब्ल्यू-५० घातले, तर सुरुवातीला आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, परंतु सकाळी ऑइल उशिरा पोहोचते, टेन्शनर उशिरा ताणला जातो आणि झीज वाढते.

म्हणून माझा नियम असा आहे: प्रथम मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच वापरावा. गाडीबरोबर मॅन्युअल मिळाले नसेल, तर बहुतेक कंपन्या ते आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. दोन-तीन हजार किलोमीटर मोजून पाहिल्यावर इंजिन ऑइल खाते असे सिद्ध झाले आणि मॅन्युअलच्या तक्त्यात ४० ग्रेडलाही परवानगी असली, तर ३० वरून ४० वर जावे. एकच पायरी चढावी, आणि तीही मोजमापानंतर.

एपीआय, डिझेल, सीएनजी आणि सिंथेटिकचा प्रश्न

ग्रेड दाटपणा सांगतो, गुणवत्ता नाही. गुणवत्तेसाठी डब्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेच्या मानकाची अक्षरे पाहावीत. पेट्रोल इंजिनासाठी एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी ती पुढे गेली आहेत; एसएन २०१० मध्ये आले आणि एसपी २०२० मध्ये. नवे अक्षर जुन्याची जागा घेऊ शकते, म्हणजे मॅन्युअलमध्ये एसएम लिहिले असेल तर एसएन किंवा एसपी निर्धास्तपणे घालावे, उलट मात्र करू नये. डिझेलसाठी सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी अक्षरे असतात. बीएस-६ (भारतातील धुराच्या मर्यादेचे मानक) डिझेल गाडीत, म्हणजे साधारण एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत, सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्याला कमी राख सोडणारे ऑइलच लागते. तिथे मॅन्युअलमधील शब्द न् शब्द पाळावा, कारण चुकीच्या ऑइलने तो महागडा फिल्टर तुंबतो. मोटरसायकलचे ऑइल, ज्याच्या डब्यावर जासो एमए (एक जपानी मानक) असे लिहिलेले असते, ते ओल्या क्लचसाठी, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडलेल्या क्लचसाठी बनवलेले असते. ते कारमध्ये घालू नये.

डिझेल गाडीत नवे ऑइल घातल्यावर काहीशे किलोमीटरांतच काळे पडते. ती काजळी आहे आणि तिला धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे, त्यामुळे नुसत्या रंगावरून डिझेलचे ऑइल खराब झाले असे म्हणू नये. सीएनजी गाडीत याच्या अगदी उलट होते: काजळी जवळजवळ नसल्यामुळे दहा हजार किलोमीटरनंतरही ऑइल स्वच्छ दिसते, परंतु जास्त तापमानामुळे ते आतून जुने झालेले असते. मुंबई-पुण्यात सीएनजीवर चाललेल्या भरपूर गाड्या विक्रीला येतात. त्या घेणाऱ्यांनी रंगाकडे न पाहता किलोमीटर आणि महिने पाहून ऑइल बदलावे.

मिनरल (कच्च्या तेलापासून थेट शुद्ध केलेले), फुल सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने घडवलेले) की दोन्हींचे मिश्रण असलेले सेमी-सिंथेटिक? आयुष्यभर मिनरलवर चाललेल्या इंजिनात सिंथेटिक घातले की गळती सुरू होते, ही भीती मोठी आहे. आजची सिंथेटिक ऑइले चांगले सील खराब करत नाहीत. होते असे, की आधीच कडक झालेल्या, तडकलेल्या सीलच्या फटीत वर्षानुवर्षांचा साका बसलेला असतो आणि चांगले ऑइल तो हळूहळू धुऊन काढते. गळती आधीचीच असते, ती उघडी पडते. लाख-सव्वा लाख किलोमीटरच्या साध्या पेट्रोल गाडीला चांगले सेमी-सिंथेटिक पुरते आणि मी सुरुवात त्यानेच करतो. टर्बो (सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबणारा पंखा) असलेल्या इंजिनात, मग ते डिझेल असो वा पेट्रोल, फुल सिंथेटिकचा खर्च मी योग्य मानतो, कारण टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑइल प्रचंड तापते. ‘हाय मायलेज’ नावाने मिळणाऱ्या ऑइलमध्ये सील मऊ ठेवणारी द्रव्ये असतात. त्यांनी घामासारखी किरकोळ झिरप कमी होऊ शकते, परंतु फाटलेले सील आणि झिजलेल्या रिंगा कोणत्याच ऑइलने दुरुस्त होत नाहीत.

खरेदी

नकली ऑइलचा धोका खरा आहे. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा गाडीच्या अधिकृत सेवाकेंद्रातून सीलबंद डबा घ्यावा, झाकणाची कडी आणि आतले फॉइल अखंड आहे का, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना स्पष्ट छापलेला आहे का हे पाहावे आणि बिल घ्यावे. सुटे ऑइल घेऊ नये. डबा रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडून मगच टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही. लहान पेट्रोल गाड्यांना फिल्टरसह साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते, मोठ्या डिझेल गाड्यांना पाच-सहा लिटर किंवा अधिक. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉपअपसाठी त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा जास्त घ्यावा.

ऑइल बदलण्याची कृती

हे काम गॅरेजमध्ये करून घेतले तरी पहिल्या वेळी शेजारी उभे राहून पाहावे.

१. दहा मिनिटे गाडी चालवून इंजिन कोमट करावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन बाहेर येते. इंजिन तापून लाल झालेले असताना हे काम करू नये, हात भाजतो.

२. गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढची बाजू उचलायची असल्यास जॅकवर उचलून स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही, कितीही थोडा वेळ, जाऊ नये.

३. वरचे झाकण आधी सैल करावे आणि मग चेंबरचा नट योग्य मापाच्या रिंग पान्याने उघडावा. ऑइल ज्या भांड्यात धराल ते पसरट आणि स्वच्छ असावे, कारण ते ऑइल तुम्हाला पाहायचे आहे. उजेडात धरल्यावर त्यात धातूची चमकी मोठ्या प्रमाणात दिसली, तर बेअरिंग झिजत आहे.

४. पंधरा-वीस मिनिटे ऑइल निथळू द्यावे. नटाचा वायसर (नटाखालची चकती) नवा घालावा. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर नट आवळताना फार जोर लावू नये, आटे जातात.

५. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. माझ्या गाडीच्या एका सर्व्हिसमध्ये जुनी रिंग तशीच राहून तिच्यावर नवा फिल्टर बसवला गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये ऑइलचे थारोळे साचलेले मी पाहिले. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने थोडे ताजे ऑइल लावावे, रिंग टेकेपर्यंत तो हाताने फिरवावा आणि नंतर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळावा.

६. सांगितलेल्या प्रमाणापेक्षा अर्धा लिटर कमी भरावे. इंजिन सुरू करून रेस न करता अर्धा मिनिट चालू ठेवावे. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. बंद करून दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून वाचावी आणि वरच्या खुणेच्या किंचित खाली येईपर्यंत थोडे थोडे भरावे. खुणेच्या वर भरणेही नुकसानीचे आहे, कारण क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो.

काढलेले जळके ऑइल कायद्याने घातक कचरा मानले आहे. आपल्याकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी आणि गटारात किंवा बांधावर तर ते कधीच ओतू नये. डब्यात बंद करून जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

इंजिन आतून काळ्या चिकट थराने भरलेले दिसले, तर गॅरेजमध्ये ‘फ्लशिंग’ सुचवले जाते. गाडीचा इतिहास ठाऊक नसताना मी ते करत नाही. तीव्र द्रवाने सुटलेला गाळाचा गोळा चेंबरमधील जाळीत अडकला, तर ऑइलचा पंपच उपाशी राहतो. त्याऐवजी पहिले ऑइल फिल्टरसह दोन हजार किलोमीटरला बदलावे, दुसरे आणखी तीन हजारांना. चांगल्या ऑइलमधली धुणारी द्रव्ये ते काम सावकाश आणि सुरक्षितपणे करतात. त्यानंतर पाच ते साडेसात हजार किलोमीटर किंवा सहा ते बारा महिने, यांपैकी जे आधी येईल ते. मॅन्युअलमध्ये दहा हजार लिहिलेले असले, तरी त्याच पुस्तकात धूळ, गर्दी आणि कमी अंतराच्या फेऱ्यांसाठी वेगळे, कमी अंतर दिलेले असते आणि आपल्या शहरांतला वापर त्यातच मोडतो.

उरलेली द्रव्ये आणि टायमिंग

ऑइलबरोबरच एअर फिल्टर बदलावा. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी भरलेली गाडी मिळणे आपल्याकडे अगदी नेहमीचे आहे. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि आतला धातू गंजतो. व्यवस्था धुऊन योग्य कूलंट भरावा, तीव्र कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावा, आणि गरम इंजिनाची रेडिएटर कॅप कधीही उघडू नये. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते आणि मग आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना पेडल पोकळ लागण्याचा धोका असतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. गिअरबॉक्सचे ऑइल एक लाख किलोमीटरपर्यंत कोणी पाहिलेलेही नसते, तेही एकदा बदलून घ्यावे. २०२३ पूर्वीच्या गाडीत इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या दृष्टीने इंधनाचे रबरी पाइप तडकलेले नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (चेनचेच काम करणारा रबरी पट्टा) आहे की चेन, हे सर्वांत आधी विचारून घ्यावे. बेल्ट असेल आणि तो बदलल्याचे बिल मिळत नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून लगेच बदलावा. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडून पुन्हा बांधावे लागते. चेनला ठरावीक मुदत नसते, पण ती ऑइलवर जगते. आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आलेल्या १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेल इंजिनात चेन आहे, आणि ऑइल बदलायला उशीर केलेल्या अशा गाड्यांत सकाळी सुरू करताच पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. ती ऐकू आली तर चेन आणि टेन्शनर तपासून घ्यावेत.

इंजिन ऑइल खात असेल तर

पहिल्या बदलानंतर एक वही करावी. तारीख, मीटरचा आकडा, डिपस्टिकची पातळी आणि भरलेले ऑइल इतकेच लिहावे, पहिला महिना दर रविवारी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी, नेहमी त्याच जागी आणि इंजिन थंड असताना. अनेक लहान गाड्यांत दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते, त्यावरून खप काढता येतो. पातळी उलट वाढत असेल, तर ऑइलमध्ये इंधन किंवा कूलंट उतरते आहे आणि ती तातडीची बाब आहे.

हजार किलोमीटरला पाव लिटरपर्यंत खप असेल, तर मी लाखावर चाललेल्या गाडीत ते चालवून घेतो. अर्ध्या लिटरच्या पुढे गेल्यास कारण शोधावे आणि स्वस्त कारणापासून सुरुवात करावी. प्रथम पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधले वायू बाहेर जाऊ देणारी झडप) पाहावा. तो तुंबला की चेंबरमध्ये दाब वाढतो, ऑइल सीलमधून बाहेर आणि हवेच्या मार्गातून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. तो ठीक असेल, तर कात्रजसारखा घाट ॲक्सिलरेटर सोडून, गिअरमध्येच उतरावा आणि पायथ्याशी एकदम ॲक्सिलरेटर द्यावा. त्या क्षणी मागे निळा धूर सुटून थोड्या वेळात थांबला, किंवा सकाळी स्टार्टला तेवढाच दिसला, तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत आणि बऱ्याच इंजिनांत ते हेड न उतरवताही बदलता येतात. चढावर, भार असताना धूर सतत राहिला तर रिंगांकडे बोट जाते. तेव्हा काँप्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी, करून घ्यावी. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा केलेल्या चाचणीत आकडा ठळकपणे वाढला, तर रिंगांबद्दलचा संशय पक्का होतो.

इंजिन बांधण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर ऑइल भरत, पीयूसी उत्तीर्ण होत असेपर्यंत गाडी वापरणे हा प्रामाणिक पर्याय आहे, मात्र जळालेल्या ऑइलमुळे कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गात धूर स्वच्छ करणारा भाग) हळूहळू निकामी होतो, हे हिशेबात धरावे. अशा गाडीत दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिक पाहावी, आणि त्याच ग्रेडचा लिटरभराचा डबा, एक नरसाळे व एक सुती फडके डिकीत कायम ठेवावे.